डुकरांच्या मुलखात, डुकराच्या शोधात

दिवस पहिला : रॅले ते वॉर्सा

"चांगले कपडे घालू नकोस," ताईने निघतानाच बजावलं. "आणि परत आलीस की गॅरेजमध्येच बदल. घरात आणायचे नाहीत ते."

मला वाटलं, ही जरा अतीच करतेय. ताई वीस वर्षं नॉर्थ कॅरोलायनात राहते, पण डुप्लिन काउंटीत ती एकदाही उतरलेली नाही. समुद्रावर जाताना आय-40 महामार्गावर तासाभराने डुप्लिन लागतं. तिथे ती गाडीच्या काचा वर करते आणि बाहेरची हवा आत येणं बंद करते. डुप्लिनशी तिची ओळख एवढीच.

भाऊजी मात्र लगेच तयार झाले. ते माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहेत, त्या भागातल्या दोन-चार शेतकऱ्यांशी त्यांची ओळख आहे. "एक सांगून ठेवतो," गाडी सुरू करताना ते म्हणाले, "तुला डुकरं बघायचीत ना? ती दिसणार नाहीत."

राज्यात डुकरं आहेत 80 लाखांच्या आसपास. त्यातली चाळीस टक्क्यांच्या आसपास डुप्लिन आणि शेजारच्या सॅम्पसन या दोनच काउंट्यांत. डुप्लिनची लोकवस्ती 50 हजारांच्या आत, म्हणजे माणशी तीसेक डुकरं. आणि म्हणे दिसणार नाहीत! मी मनात म्हटलं, बघू.

रॅले सोडल्यावर जमीन सपाट होत जाते. वाळूमिश्रित माती, पाइनची झाडी, मधूनच तंबाखूचं शेत. मग रस्त्यापासून आत, झाडांच्या रांगेमागे, पत्र्याच्या लांबलचक बैठ्या शेड दिसायला लागल्या. चार एका ओळीत, पुढे सहा, पुढे आठ. प्रत्येक शेडच्या टोकाला मोठाले पंखे, बाजूला खाद्याची निमुळती टाकी, आणि मागे एक तळं. मी मोजायला सुरुवात केली आणि साठाच्या पुढे नाद सोडला. माणूस दिसेना, कुत्रं दिसेना, डुक्कर तर नाहीच.

हे सगळं फार जुनं नाही. 1980च्या दशकाच्या शेवटी राज्यात डुकरं होती 30 लाखांच्या आत. पुढच्या दहा वर्षांत ती तिपटीवर गेली. इथल्याच रोझ हिल गावच्या वेंडेल मर्फी यांनी आधी खाद्याची गिरणी काढली, मग कोंबड्यांच्या धंद्यातली करारपद्धत (जनावरं कंपनीची, शेड शेतकऱ्याची) डुकरांना लावली. 1983 ते 1992 ते राज्याच्या विधिमंडळातही होते, आणि त्याच काळात या धंद्याला करातून आणि झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय उभारता येईल याच्या, नियमांतून सूट देणारे कायदे झाले. रॅलेच्या न्यूज अँड ऑब्झर्व्हर या वर्तमानपत्राने हे सगळं मालिका लिहून चव्हाट्यावर आणलं, त्याबद्दल त्यांना 1996चं पुलित्झरही मिळालं. पण तोवर शेड उभ्या राहिल्या होत्या.

रोझ हिलमध्ये जगातली सगळ्यात मोठी म्हणवणारी तळणी आहे, पंधरा फूट व्यासाची. ती कोंबडी तळायची. डुकराचं स्मारक काही गावात सापडलं नाही.

संध्याकाळी वॉर्सात (पोलंडचं नव्हे, हे तीन हजार वस्तीचं) पेट्रोल पंपावर थांबलो, तर शेजारी ॲल्युमिनियमचा लांब ट्रक येऊन उभा राहिला. अंगभर भोकं असलेला. एका भोकातून ओलं गुलाबी नाक बाहेर आलं, हवा हुंगून आत गेलं. वरच्या भोकात कानाचा तुकडा. त्याच्या बाजूला एक डोळा, पांढऱ्या पापण्यांचा. मी जवळ गेले तसा तो माझ्यावर स्थिर झाला. माणसासारखाच वाटला, असं लिहायचा मोह आवरते. डुकराचाच होता, पण बघत होता एवढं नक्की. असे पावणेदोनशेच्या आसपास जीव एका ट्रकमध्ये बसतात. ड्रायव्हर कॉफी घेऊन आला आणि ट्रक टार हीलच्या कत्तलखान्याच्या दिशेने निघून गेला.

"बघ, अख्खं डुक्कर दिसलं का?" भाऊजी म्हणाले.

रात्री दोनला मोटेलमध्ये जाग आली ती वासाने. दिवसभर वाऱ्यावर तो येत-जात होता; रात्री वारा पडला, हवा थंड झाली आणि तो जमिनीलगत येऊन बसला. आधी किंचित गोडसर, मग कुजक्या अंड्यांचा, मग अमोनिया घशाला टोचायला लागतो. खिडकी बंदच होती. एसी बंद केला, टॉवेल ओला करून दाराच्या फटीला लावला. उशीच्या अभ्र्यातून येत होता की माझ्या केसांतून, ते कळेना.

दिवस दुसरा : वॉर्साच्या आसपास

भाऊजींच्या ओळखीचे शेतकरी साठीचे. हात मोठे, बोलणं कमी. चालू शेडमध्ये त्यांनी आम्हाला घेतलं नाही. आत जायचं तर आंघोळ, कंपनीचे कपडे, कंपनीचे बूट, आणि त्याआधी कंपनीची परवानगी. ही निव्वळ लपवाछपवी आहे असं मला वाटत होतं, पण 2013मध्ये आलेल्या साथीची आठवण त्यांनी सांगितली. पीईडी नावाच्या विषाणूने अमेरिकेत लाखो पिल्लं जुलाब होऊन मेली. "सकाळी शेडमध्ये जायला पाय उचलायचा नाही," म्हणाले. हजारो जनावरं एका छताखाली, सगळी एका वयाची, एका रक्ताची; एकाला लागलं की सगळ्यांना.

नुकतीच एक शेड रिकामी झाली होती, ती दाखवली. आत उजेड कमी. खाली सिमेंटच्या फटींची फरशी. डुकरं वर उभी राहतात, विष्ठा-मूत्र फटींतून खालच्या खड्ड्यात पडतं. ठराविक दिवसांनी खड्ड्याचं बूच काढतात, सगळं पाइपातून मागच्या तळ्यात जातं, आणि तळ्यातलंच पाणी परत खड्ड्यात भरतात. गवताची काडी नाही, मातीचा कण नाही. नाकाने उकरणं हा ज्या जनावराचा जन्माचा धंदा, त्याला उकरायला इथे काही नाही. मग ती एकमेकांच्या शेपट्या चावतात. त्यावर उपाय म्हणून पिल्लाच्या शेपट्या जन्मल्यावर काही दिवसांतच कापतात.

"पंखे बंद पडले तर?" मी विचारलं.

"जनरेटर आहे. तोही बंद पडला तर उन्हाळ्यात तासाभरात मरायला लागतात."

साधारण सहा महिन्यांत डुक्कर सव्वाशे किलोच्या पुढे जातं आणि ट्रकमध्ये चढतं. मारलं नाही तर ते पंधरा वर्षं सहज जगतं.

कराराचं गणित त्यांनी बोटांवर सांगितलं. "डुकरं त्यांची. खाणं त्यांचं. औषधं त्यांची. ट्रक त्यांचा." एवढं झाल्यावर दुसरा हात पुढे केला. "शेड माझी. शेडचं कर्ज माझं. मेलेली डुकरं माझी. घाण माझी." बाजूच्या पिंपाकडे त्यांनी हनुवटीने खूण केली, त्यावर गिधाडं बसली होती. मेलेल्यांचा ट्रक अजून यायचा होता.

मग आवाराच्या टोकाची एक जुनी शेड. पूर्वी त्यांच्याकडे डुकरिणी असायच्या. काही वर्षांपूर्वी कंपनीने ते काम काढून घेतलं, तेव्हापासून ती बंद. दार उघडलं तर आत लोखंडी पाइपांचे पिंजरे, रांगेने, टोकापर्यंत. दोन फूट रुंद, सात फूट लांब. गाभण डुकरिणीला इथे ठेवत. गर्भकाळ 114 दिवसांचा, तीन महिने तीन आठवडे तीन दिवस. मग विण्यासाठी दुसरा पिंजरा, तीनेक आठवड्यांत पिल्लं काढून घेतली की पुन्हा गाभण, पुन्हा इथे. उभं राहता येतं, बसता येतं. वळता येत नाही.

मी एका पिंजऱ्यात शिरून गुडघ्यांवर बसले. खरं तर हे मी घरून ठरवून आले होते, आणि करताना जरा ओशाळल्यासारखं झालं. शेतकरी बघत होते. पण बसल्यामुळेच एक गोष्ट दिसली. बाकी पाइपांवर जस्ताचा राखाडी मुलामा शाबूत होता. तोंडासमोरच्या आडव्या दांडीवर मात्र मधल्या वीतभर भागात तो उडालेला. तिथे तांबूस गंज चढला होता, आणि बोट फिरवलं तर खळगा लागत होता. शेजारच्या पिंजऱ्यात तसाच. त्याच्या शेजारीही.

"चावतात," शेतकरी म्हणाले. "दिवसभर."

"का?"

"दुसरं काय करणार?"

1965 साली ब्रिटनमध्ये सरकारने नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने म्हटलं होतं, जनावराला निदान वळता, उठता, आडवं होता, हातपाय ताणता आणि अंग साफ करता आलं पाहिजे. तिथे हे पिंजरे 1999 पासून बंद आहेत. युरोपीय संघात 2013 पासून गर्भकाळाचे पहिले चार आठवडे आणि विण्याआधीचा आठवडा सोडून बंदी आहे. अमेरिकेत फ्लोरिडाने 2002 मध्ये मतदान घेऊन ते बंद केले. कॅलिफोर्नियाने 2018च्या मतदानात आणखी पुढे जाऊन ठरवलं की डुकरिणीला 24 चौरस फूट जागा हवी, आणि बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या मांसालाही हीच अट. यावर डुक्कर उत्पादकांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मे 2023 मध्ये हरली. नॉर्थ कॅरोलायनात बंदी नाही. काही बड्या कंपन्यांनी गाभण डुकरिणी आपणहून गटात ठेवायला घेतल्या आहेत, हेही खरं. विण्याचा पिंजरा मात्र अजून जवळजवळ सगळीकडे तसाच आहे.

त्याबद्दल बोलले तर शेतकरी पहिल्यांदाच थोडे चिडले. "दोनशे किलोची आई आणि दीड किलोचं पिल्लू. ती आडवी होते तेव्हा खाली कोण आहे बघत नाही. मी मोजलीत मेलेली पिल्लं. तुम्ही नाही मोजलीत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही.

तळं शेवटी दाखवलं. इथे त्याला लगून म्हणतात, शब्द ऐकून निळं पाणी डोळ्यांसमोर येतं. हे गुलाबी होतं. बडिशेपेच्या गोळ्यांचा असतो तसला गुलाबी. विशिष्ट जिवाणूंमुळे तो रंग येतो, आणि भाऊजींच्या मते तो आला तर तळं बरं चाललंय असं समजायचं, वास कमी येतो. (कमी!) मधूनमधून बुडबुडे फुटत होते, तो मिथेन. काठाला खुणांचा खांब, पातळी अमुक खुणेच्या वर जाता कामा नये. गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी पंपाने शेजारच्या रानात फवारतात. रानात काय, तर बर्म्युडा गवत. मी वाकून पाहिलं. अहो, ही तर दूर्वा! आपण एकवीसची जुडी मोजून घेतो ती. नायट्रोजन खेचून घेण्यात तिचा हात धरणारं गवत नाही म्हणून इथे तिची निवड. रानापलीकडे, दोनशे पावलांवर, एक घर.

पावसाला ते भितात. 1999च्या सप्टेंबरात फ्लॉइड वादळाच्या पुरात डुकरं हजारोंनी बुडाली, काही शेडच्या छपरांवर चढून बसली होती. 2018 मध्ये फ्लोरेन्स आलं तेव्हा साडेपाच हजार गेली. तेव्हा आमचे हे शेतकरी तीन रात्री ट्रक काठावर लावून टॉर्चने खांबाच्या खुणा बघत बसले होते. वादळच लागतं असंही नाही. जून 1995 मध्ये ऑन्स्लो काउंटीत एका तळ्याची भिंत फुटली आणि अडीच कोटी गॅलन मैला न्यू नदीत गेला. एक्सॉन वाल्डीझ जहाजातून सांडलेल्या तेलाच्या दुपटीहून जास्त. नदीत मासे मरून तरंगले. 1997 मध्ये नव्या तळ्यांना स्थगिती आली, 2007 मध्ये ती कायम झाली. जुनी तळी जिथल्या तिथे आहेत, तीन हजारांवर.

दिवस तिसरा : दोनशे पावलांवरचं घर, आणि काळी नदी

असंच एक घर, दुसऱ्या एका रानाच्या कडेचं. त्यात राहणाऱ्या आजीबाई कृष्णवर्णीय, ऐंशीच्या घरातल्या. जमीन त्यांच्या आजोबांनी घेतलेली. ओसरीत झुलती खुर्ची होती, पण त्यांनी आम्हाला आत बसवलं. आत कपडे वाळत होते, दोरी स्वयंपाकघरातून बैठकीपर्यंत. बाहेर छान ऊन, वारा.

"बाहेरची दोरी 1990च्या दशकातच काढली," त्या म्हणाल्या. "चादरी धुवायच्या आणि परत धुवायच्या, किती दिवस?"

फवारा सुरू व्हायच्या आधी पंप खोकल्यासारखा आवाज करतो. तो ऐकला की त्या खिडक्या लावतात. पाहुणे बोलावणं बंद झालं. नातू आला की नाक दाबून बसायचा, तेव्हा त्यांना त्याचा राग यायचा आणि मग स्वतःचाच. घर विकायचं म्हटलं तर घेणार कोण? आपल्याकडे म्हणतात, घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. इथे वासच घरावर फिरून आला.

हे एकट्यादुकट्याचं गाऱ्हाणं नाही. चॅपल हिल विद्यापीठातले साथरोगतज्ज्ञ स्टीव्ह विंग यांनी 2000 साली आकडेवारी मांडून दाखवलं की ही डुक्करपालनं गरीब आणि गौरेतर वस्त्यांच्या आसपास जास्त आहेत. पुढे पाचशेच्या आसपास शेजाऱ्यांनी स्मिथफील्ड या डुकराच्या मांसाच्या बड्या कंपनीची उपकंपनी मर्फी-ब्राउन हिच्यावर खटले भरले. एका तज्ज्ञाने घरांच्या बाहेरच्या भिंतींवरून नमुने घेतले, त्यांत डुकराच्या विष्ठेतल्या जिवाणूंचा डीएनए निघाला. एप्रिल 2018च्या पहिल्या निकालात ज्यूरीने दहा शेजाऱ्यांना 5 कोटी डॉलर दिले. राज्याच्या कायद्यात दंडाच्या रकमेला मर्यादा असल्यामुळे त्याचे झाले साडेबत्तीस लाख. ऑगस्टमधल्या निकालात 47 कोटींवरून 9 कोटी 40 लाख. दरम्यान विधिमंडळाने असे खटले भरणंच अवघड करणारे कायदे करून टाकले, हेही ओघाने आलंच. नोव्हेंबर 2020 मध्ये वरच्या न्यायालयाने कंपनी जबाबदार असल्याचा निकाल उचलून धरला आणि मग तडजोड झाली.

आजीबाई खटल्यात होत्या की नाही, ते मी विचारलं नाही. निघताना त्यांनी लिंबाचा केक बांधून दिला. गाडीत बसल्यावर भाऊजी म्हणाले, "या त्या शेतकऱ्याच्या आईच्या मैत्रीण. एकाच शाळेत होत्या."

दुपारी कयाक घेऊन ब्लॅक रिव्हरवर गेलो. पाणी कोऱ्या चहासारखं, पानांच्या अर्काने काळं झालेलं, पण स्वच्छ. ही नदी सॅम्पसनमध्येच उगम पावते, म्हणजे देशातल्या सगळ्यात दाट डुक्करवस्तीच्या कुशीत. आणि तिच्याच पात्रात बॉल्ड सायप्रसची झाडं उभी आहेत. त्यांतल्या एकाची वलयं शास्त्रज्ञांनी मोजली आणि 2019 मध्ये जाहीर केलं, वय किमान 2624 वर्षं. इसवी सनापूर्वी 563 हे साल धरलं, तर गौतम बुद्ध जन्मला तेव्हा हे झाड उभं होतं. ते नेमकं कुठलं, हे मात्र ओळखू येत नाही. वाऱ्यापावसाने शेंडे मोडलेली, बुंध्यात पोकळ झालेली, सगळीच तशी दिसतात. एका ढोलीत पिवळाधमक वॉर्बलर ये-जा करत होता. तासभर आम्ही वल्ही आडवी टाकून गप्प बसलो. वास नव्हता. मी सारखी हुंगत होते, हे लक्षात आल्यावर हसू आलं.

परतताना वाट वाकडी करून टार हीलला गेलो. 1992 मध्ये सुरू झालेला हा कत्तलखाना जगातला सगळ्यात मोठा मानतात. दिवसाला 32 हजारांच्या आसपास डुकरं. कामगारांना इथे संघटना मिळवायला 2008 उजाडावं लागलं. बाहेरून तो कुठल्याही कारखान्यासारखा दिसतो. ट्रक रांगेत उभे होते, भोकाभोकांतून नाकं.

दिवस चौथा : गोल्ड्सबरोजवळ

परतीच्या वाटेवर भाऊजींनी एका छोट्या शेतावर गाडी घेतली. नवरा-बायको, तिशीतली, वीसेक डुकरिणी, सगळ्या उघड्यावर. विजेच्या तारेचं कुंपण सरकवत सरकवत ते त्यांना एका तुकड्यातून दुसऱ्यात नेतात. एके ठिकाणी जास्त दिवस ठेवलं तर डुकरं रान उखणून चिखल करतात आणि पावसाने तोच चिखल ओढ्यात जातो, असं तिने न विचारताच सांगितलं. मांस दुकानातल्यापेक्षा दुपटी-तिपटीने महाग. या पद्धतीने 80 लाख डुकरं पाळता येणार नाहीत, हेही तीच म्हणाली.

आणि इथे अखेर डुक्कर दिसलं. अख्खं, चारही पायांवर, तांबूस केसांचं, गुडघाभर गवतात. पहिली नजर गेली ती शेपटीकडे. पूर्ण होती, आणि हलत होती.

एक डुकरीण कळपापासून लांब, छपराच्या आडोशाला होती. दिवस भरलेले. ती चालत कुंपणापर्यंत जायची, वाळलेल्या गवताचा झुबका तोंडात धरायची, परत यायची, खाली ठेवायची, नाकाने दाबायची, पुढच्या पायाने सारखा करायची. मग परत कुंपणाकडे. मी घड्याळ लावून बसले. पाऊण तासात तेवीस खेपा झाल्या. एकदा तिने आणलेली काटकी ठेवली, बघितली, उचलून लांब टाकून दिली.

"विण्याआधी काही तास हेच चालतं," ती बाई म्हणाली. "पिंजऱ्यातल्यासुद्धा करतात. गवत नसलं तरी सिमेंटवर पाय मारत राहतात."

मला त्या दांडीवरचा खळगा आठवला. भाऊजींनाही आठवला असावा. ते काही बोलले नाहीत, फक्त कुंपणाबाहेरचं मूठभर गवत उपटून त्यांनी आत टाकलं. डुकरिणीने ते हुंगलं आणि घेतलं नाही. तिला तिकडचंच हवं होतं.

थांबता आलं नाही. घरी गॅरेजमध्ये कपडे बदलले, ते तीनदा धुतले, जीन्सला वास राहिलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत असताना भाऊजींच्या फोनवर त्या बाईचा मेसेज आला. रात्री अकरा पिल्लं झाली. सकाळी दहा आहेत. एक तिच्याखाली आलं.